नाल्यावर सेन्सर बसवून पाणी तुंबायचं थांबतं का?

नालाकाठ

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण इथे या क्षेत्रातले बरेच जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

आमची सोसायटी मुंबईच्या उपनगरात एका मोठ्या नाल्याला लागून आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तळमजल्यात पाणी ठरलेलं. मागच्या सभेत एका सभासदाने ठराव मांडला की नाल्यावर पातळी मोजणारा सेन्सर बसवू. मोबाईलवर आकडा दिसेल आणि धोक्याची पातळी आली की सगळ्यांना मेसेज जाईल. एका कंपनीचं कोटेशनही आलंय. त्यात 'रिअल टाइम मॉनिटरिंग', 'हायड्रॉलिक मॉडेल', 'डिजिटल ट्विन' (म्हणजे नाल्याची संगणकातली हुबेहूब नक्कल) असं बरंच काही लिहिलंय. अर्धी सभा खूश, अर्धी म्हणतेय आधी नाल्यातला गाळ काढा.

मी जमेल तेवढं वाचलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिमी. एकाच शहरात एवढा फरक! तेव्हा शहराचा पाऊस म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळा. त्यानंतर या पुराची कारणं शोधणाऱ्या माधवराव चितळे समितीचा अहवाल आला, अग्निशमन केंद्रांवर वगैरे स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, दर १५ मिनिटांनी आकडे यायला लागले. जून २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने आणि पालिकेने 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर इशारा यंत्रणा सुरू केली. तिच्यासाठी १६५ पर्जन्यमापकांचं जाळं वापरतात. २०२२ मध्ये वेरावलीला पाऊस टिपणारं दुसरं डॉप्लर रडारही आलं.

मग मोजमाप इतकं असताना पाणी तुंबतंच कसं? आणि आमच्या एका सेन्सरने नेमकं काय साधेल? पैसे घालावेत की नाही?

---

तिरकस

पायाला ओलं लागलं की कळतंच की. त्याला सेन्सर कशाला?

(कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय ना, ते आधी बघा.)

---

पंपहाउसवाला

तिरकसराव, विनोद सोडा, पायाला ओलं लागेपर्यंत वेळ गेलेली असते. मी एका महापालिकेच्या पर्जन्यजल खात्यातून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं पंपिंग स्टेशनवर गेली. गावाचं नाव सांगत नाही, पण समुद्राकाठचं आहे असं समजा.

नालाकाठ, मुंबईची मूळ अडचण आधी समजून घ्या. शहरातून समुद्रात आणि खाड्यांत पाणी सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आणि उरलेली जवळपास सगळी मोठ्या भरतीच्या पातळीखाली. म्हणजे भरती आली की नाला समुद्रात जायच्या ऐवजी समुद्र नाल्यात येतो. जुनं गटारांचं जाळं तासाला २५ मिमी पावसासाठी होतं, तेही ओहोटी असताना, आणि पडलेल्या पावसातला निम्माच वाहत येईल, बाकीचा जमिनीत मुरेल असं धरून. आता मुरायला जमीन कुठे आहे? मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिमी करायला सांगितली, आणि सगळा पाऊस वाहून येतो असं धरायला सांगितलं. त्यातूनच हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं उभी राहिली. मोगरा आणि माहुलची रखडली ती रखडलीच.

पंपाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिमी पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर सेकंदाला साधारण १४ हजार लिटर होतात. या स्टेशनांवरचा एकेक पंप सेकंदाला ६ हजार लिटर उपसतो. तेव्हा दर चौरस किलोमीटरला दोनाहून जास्त पंप अखंड चालायला हवेत. सेन्सर बसवून यातला एक लिटरही कमी होत नाही, हे आधी सोसायटीत सांगा.

पण पंप कधी सुरू करायचा आणि समुद्राचं पाणी अडवणारं फ्लडगेट कधी पाडायचं, हे कळणं फार मोलाचं आहे. गेट लवकर पाडलं तर ओहोटीत फुकट वाहून जाणारं पाणी तुम्ही डिझेल जाळून उपसत बसता. उशिरा पाडलं तर समुद्र आत. आमच्या वेळी हे भरतीचं कोष्टक आणि भिंतीवर रंगवलेली पट्टी बघून चालायचं. रात्री टॉर्च मारून पट्टी वाचायची आणि वॉकीटॉकीवर आकडा सांगायचा.

आता एक गोष्ट सांगतो, जी कुठल्याही कोटेशनमध्ये सापडणार नाही. पंपाच्या आधी लोखंडी जाळी असते, स्क्रीन. एकदा धो धो पाऊस, रस्त्यावर मांडीभर पाणी, आणि आमच्या पंपाच्या विहिरीत पाणीच नाही! पंप कोरडे चालायला लागले म्हणून बंद करावे लागले. लोकांचे फोनवर फोन, 'पंप बंद का?' जाळीला गाद्या, थर्माकोल, प्लास्टिकच्या गोण्या यांची भिंत झाली होती. अलीकडे नाला तुडुंब, पलीकडे खडखडाट. कंट्रोल रूमच्या पडद्यावर फक्त विहिरीची पातळी दिसायची, ती कमी, म्हणून तिथल्या साहेबांना वाटलं सगळं आलबेल आहे.

पुढे जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर लावला. दोन आकड्यांतला फरक वाढला की जाळी तुंबतेय हे समजायचं, आणि कचरा ओढणारं यंत्र तेव्हाच सुरू व्हायचं. दोन स्वस्त सेन्सरांनी जे काम केलं ते एका महागड्याने झालं नसतं.

---

जलगणित

वा पंपहाउसवाला, हे वाचून धन्य झालो. मी पुण्यात पुराची मॉडेलं करून पोट भरतो, तेव्हा माझी भर.

कोटेशनमधल्या 'हायड्रॉलिक मॉडेल'मध्ये साधारण तीन गोष्टी असतात. पावसाचं पाणी किती आणि कधी वाहून येईल, ते गटारांतून कसं जाईल, आणि गटाराबाहेर पडलं तर रस्त्यांवर कुठे पसरेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर १९७१ पासून आहे, फुकट आहे, आणि जगभर त्यावरच अर्ध्याहून जास्त विद्यार्थी शिकले असतील. तेव्हा मॉडेल म्हणजे काही जादू नाही, आणि महाग असायचंही कारण नाही. महाग असते ती माहिती. कुठला पाइप कुठे जातो, त्याचा तळ किती खोल आहे, त्यात गाळ किती बसलाय. अर्ध्या शहरांत ही माहिती एखाद्या ज्येष्ठ मुकादमाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नकाशा गेला.

गाळाचा मुद्दा तर मॉडेलच्या मुळावरच येतो. दोन मीटर व्यासाच्या पाइपात अर्धा मीटर गाळ असेल आणि मॉडेलला तो स्वच्छ पाइप वाटत असेल, तर मॉडेल म्हणेल पाणी निघून जाईल. प्रत्यक्षात चौकात कंबरभर. म्हणून 'आधी गाळ काढा' म्हणणारी तुमची अर्धी सभा आणि 'सेन्सर बसवा' म्हणणारी अर्धी सभा यांचं भांडणच नाहीये. सेन्सरच्या आकड्यांवरून गाळ कुठे साचलाय तेही ओळखता येतं. तेवढ्याच पावसाला गेल्या वर्षीपेक्षा पातळी जास्त चढली, किंवा पाऊस थांबल्यावर उतरायला जास्त वेळ लागला, तर खाली कुठेतरी वाट अडलीय.

दुसरी अडचण वेळेची. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाला लागायला दिवसाचा हिशेब लागतो. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा खात्याची अशी यंत्रणा आहे. पाऊस, नद्यांच्या पातळ्या, धरणांतला साठा यांचे ताजे आकडे येतात, मॉडेल चालतं, विसर्ग ठरवायला मदत होते. तिथे मॉडेल चालवून, चहा पिऊन, बैठक घेऊन निर्णय घ्यायला वेळ असतो. मुंबईच्या नाल्याला पाऊस पडल्यापासून पाणी चढेपर्यंत तासभरसुद्धा मिळत नाही. पातळी मोजून इशारा दिला तर फार तर अर्धा तास हातात येतो. त्याहून जास्त हवा असेल तर पाऊस पडायच्या आधीच रडारवरून अंदाज बांधावा लागतो, आणि रडारचा अंदाज दीड-दोन तासांपलीकडे पातळ होत जातो.

---

शीवकर

जलगणित, एक शंका. आमच्याकडे दादरजवळच्या हिंदमाताला जमिनीखाली टाक्या बांधल्या, प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली. रस्त्यावरचं पाणी पंपाने तिथे नेऊन साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. त्यानंतर फरक पडलाय, हे मी रोज त्या रस्त्याने जाणारी म्हणून सांगते. पाणी भरतं, पण पूर्वीसारखं तासन् तास राहत नाही. मग हे सेन्सर-मॉडेल सोडून सगळीकडे टाक्याच का बांधत नाहीत?

---

जलगणित

@शीवकर ताई, टाकी हवीच. पण टाकी भरायला कधी सुरुवात करायची हा प्रश्न उरतोच. पावसाच्या पहिल्या सरीतच भरून टाकली, आणि खरी मुसळधार भरतीच्या वेळी दोन तासांनी आली, तर ती ऐन वेळी भरलेली. म्हणून टाकी, पंप, गेट आणि अंदाज हे एकत्र चालवावं लागतं. पुढच्या दोन तासांत काय येणार आहे याचा अंदाज घेऊन आत्ता गेट किती उघडायचं ते ठरवायचं, पंधरा मिनिटांनी नवे आकडे आले की पुन्हा ठरवायचं. आमच्या धंद्यात याला प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणतात. नाव मोठं आहे, काम मात्र पंपहाउसवाला काका भरतीचं कोष्टक हातात घेऊन करायचे तेच.

---

पंपहाउसवाला

काका म्हणालात ते चालेल, पण आम्ही चुकलो तर शिव्या खायचो. तुमचं मॉडेल चुकलं की तुम्ही आकडे पुन्हा जुळवता आणि त्याला 'कॅलिब्रेशन' म्हणता. 😄

---

इंडियानाकर

मी साउथ बेंडजवळ राहतो, इंडियाना राज्यात. या विषयातलं हे गाजलेलं शहर आहे म्हणून लिहितो.

इथली जुनी गटारं एकत्र आहेत. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपात. पाऊस जास्त झाला की शुद्धीकरण केंद्राला झेपत नाही आणि सगळा मैला सेंट जोसेफ नदीत सांडतो. यावर सरकारचा बडगा आला. नेहमीचा उपाय म्हणजे जमिनीखाली मोठमोठी बोगद्यासारखी गटारं आणि टाक्या, आणि त्याचा खर्च एवढ्याशा शहराला कर्जात बुडवणारा. तेव्हा शहराने नोत्र दाम विद्यापीठ आणि तिथूनच निघालेल्या एमनेट नावाच्या छोट्या कंपनीबरोबर २००८ च्या सुमारास मॅनहोलमध्ये शंभर-सव्वाशे सेन्सर बसवले, पुढे काही झडपा स्वयंचलित केल्या.

आकडे यायला लागल्यावर लक्षात आलं की वादळी पाऊस शहराच्या एका भागात कोसळतो तेव्हा दुसऱ्या भागातले मोठे पाइप अर्धे रिकामेच असतात. झडपा फिरवून पाणी तिकडे थोपवून धरलं, आणि नदीत सांडणारं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त घटलं. जवळपास त्याच पाइपांत.

मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पाऊस नसतानाही काही ठिकाणी मैला नदीत सांडतो हे सेन्सरांमुळे लगेच कळायला लागलं. कुठे पाइप चोंदलाय, तर पथक त्याच दिवशी जातं. पूर्वी कुणीतरी नदीकाठी फिरायला जाऊन नाक दाबून तक्रार करेपर्यंत पत्ता लागायचा नाही.

---

तिरकस

> झडपा फिरवून पाणी तिकडे थोपवून धरलं

आमच्याकडे रिकामा पाइप सापडला तर त्यात केबल टाकतील.

---

शीवकर

तिरकस 😂😂

इंडियानाकर, पण मुंबईत तर सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळं आहे ना?

---

पंपहाउसवाला

ताई, कागदावर वेगळं. नाल्यात उन्हाळ्यात काळं पाणी वाहतं ते कुठून आलं? वस्त्यांना मलवाहिनीची जोडणीच नाही, तिथलं सगळं नाल्यात. उलट पावसात काय होतं, चौकात पाणी साचलं की कुणीतरी पहारीने मॅनहोलचं झाकण उघडतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामांकित डॉक्टरांचा जीव गेला, तेव्हा सगळ्यांना कळलं. पण जीव गेला नाही तरी दुसरं नुकसान होतंच. ते झाकण मलवाहिनीचं असेल तर रस्त्यावरचं पाणी आणि गाळ मलवाहिनीत. तिचे पंप तेवढ्या पाण्यासाठी नसतातच. मग दोन गल्ल्या पलीकडे, जिथे पाणी तुंबलेलंही नव्हतं, तिथल्या तळमजल्याच्या संडासातून उलटं वर येतं. लोकांना वाटतं पुराचं पाणी आलं. ते पुराचं नसतं.

मलवाहिनीच्या मॅनहोलमधल्या पातळीवर लक्ष ठेवलं तर भर पावसात कुठे झाकण उघडलंय ते चढणीवरूनच ओळखता येतं. अचानक उभी रेघ वर जाते. साध्या पावसाने अशी जात नाही.

फक्त मलवाहिनीत सेन्सर टिकवणं हे वेगळं दुखणं आहे. आतला वायू तांबं-पितळ खातो, वरच्या भिंतीचं काँक्रीटसुद्धा खातो. बॅटरी बदलायला माणूस आत उतरवायचा नाही, कधीच नाही. वरून काढता येईल असंच बसवायचं.

---

क्वीन्सकर

न्यूयॉर्कमधून. इथे १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात सेंट्रल पार्कला एका तासात ८० मिमी पडला. इथली गटारं साधारण तासाला ४४-४५ मिमीसाठी आहेत. शहरात तळघरातल्या घरांमध्ये अकरा माणसं बुडून गेली, बरीचशी आमच्या क्वीन्समधली, बरीचशी स्थलांतरित. इशारे मोबाईलवर आले होते. पण 'फ्लॅश फ्लड वॉर्निंग' आली म्हणून तळघरातून उठून कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथे न्यूयॉर्क विद्यापीठ आणि सिटी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मिळून 'फ्लडनेट' सुरू केलंय. रस्त्याकडेच्या खांबावर, माणसाच्या उंचीहून वर, एक छोटी डबी. खाली रस्त्याकडे तोंड, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजते. रस्ता कोरडा असेल तर अंतर कायम, पाणी साचलं की अंतर कमी. सौर पॅनेलवर चालते, कमी विजेच्या रेडिओवरून आकडा पाठवते. आराखडे खुले आहेत, कुणीही बनवू शकतं, आणि आकडे सगळ्यांना नकाशावर दिसतात.

नालाकाठ, मला वाटतं तुमच्या कोटेशनपेक्षा हे बघा. अंधेरी किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तर फारच उपयोगी, गाडी आत घालायच्या आधी कळेल.

---

जलगणित

फ्लडनेट छानच आहे. पण रस्त्यावरचा सेन्सर 'पाणी आलंय' सांगतो, नाल्यातला 'येतंय' सांगतो. दोन्हींचा उपयोग वेगळा.

आयआयटी मुंबईने २०२४ मध्ये मुंबईसाठी एक प्रायोगिक पूर अंदाज सुरू केलाय. वेबसाइट आणि अ‍ॅप दोन्ही आहे. वॉर्डाजवळचा पाऊस, पाणी साचणाऱ्या काही ठिकाणी बसवलेले पातळीमापक, आणि लोकांनी स्वतः कळवलेलं पाणी. 'माझ्या गुडघ्यापर्यंत आहे' असं नागरिकाने टाकायचं. मॉडेल बरोबर येतंय का हे तपासायला हे गुडघेच सगळ्यात उपयोगी. तिरकसराव, तुमच्या पायाची सोय झाली बघा.

---

मुठाकाठी

मी पुण्यातल्या सिंहगड रोडची. २५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पहाटे लोक झोपेत असताना पाणी शिरलं. खडकवासला धरणातून त्या दिवशी विसर्ग वाढत वाढत सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला. आम्ही मदतीला गेलो होतो. पार्किंगमधल्या गाड्या तरंगत होत्या, आणि लोक एकच विचारत होते, 'आधी सांगायला काय झालं होतं?' मग कुणी म्हणे सांगितलं होतं, कुणी म्हणे आकडा कमी सांगितला होता. ते भांडण बरेच दिवस चाललं.

मला त्यावरून एवढंच कळलं की आकडा तिथे होता. धरणावर किती सुटतंय ते कायम मोजतात. पण '३५ हजार क्युसेक' म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या कितव्या पायरीपर्यंत, हे रहिवाशाला कोण सांगणार? क्युसेक ऐकून कुणी गाडी हलवत नाही. त्यातून धरणाच्या खालच्या ओढ्यांचं पाणी वेगळंच येऊन मिळतं, ते तर त्या आकड्यात नसतंच.

आणि २०१९ च्या २५ सप्टेंबरला आंबिल ओढ्याने केलं ते तर धरणाशिवाय. रात्री काही तासांचा पाऊस, आणि त्या रात्री पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याला कसला विसर्ग आणि कसला इशारा.

---

जलगणित

> '३५ हजार क्युसेक' म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या कितव्या पायरीपर्यंत

ताई, शंभर टक्के सहमत. आणि मॉडेलचा खरा उपयोग इथेच आहे. ऐन पुरात संगणक पळवण्यापेक्षा उन्हाळ्यातच पंधरावीस प्रसंग चालवून ठेवायचे. एवढा विसर्ग, एवढा मधला पाऊस, तर पाणी या रेषेपर्यंत. नकाशे छापून वॉर्ड ऑफिसात आणि सोसायटीत लावायचे. पुराच्या रात्री फक्त आजची परिस्थिती कुठल्या नकाशाजवळची आहे एवढं बघायचं. थोडं ढोबळ होतं, पण दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि वीज गेली तरी कागद शिल्लक राहतो.

---

नालाकाठ

सगळ्यांचे आभार. माझ्या डोक्यात आता बरंच स्पष्ट झालंय. मुठाकाठी आणि क्वीन्सकर, तुमचे प्रतिसाद मी सभेत वाचून दाखवणार आहे.

मिठी नदीचं बघितलं. कुर्ल्याला क्रांतीनगरजवळ नदीची पातळी बघतात, आणि ती धोक्याच्या खुणेकडे सरकली की तिथल्या लोकांना शाळेत हलवतात. ऑगस्ट २०२५ मध्येही पाणी ३.९ मीटरपर्यंत गेलं तेव्हा हलवलं. म्हणजे तिथे आकड्याला एक ठरलेलं काम जोडलेलं आहे. आमच्या कोटेशनमध्ये आकडा आहे, रंगीत आलेख आहे, पण काम कुठलंच जोडलेलं नाही.

तर कंपनीला विचारायचे प्रश्न असे काढलेत, चुकत असेल तर सांगा:

सेन्सर पाण्यात बुडणारा की वरून बघणारा? बॅटरी आणि मोबाईल सिग्नल भर पावसात किती तास टिकेल? दुरुस्ती कोण करणार, पावसाळ्यात किती वेळात येणार? आकडे आमचे की कंपनीचे, वर्ष संपल्यावर ते मिळणार का? धोक्याची पातळी कोणी ठरवायची?

---

पंपहाउसवाला

पहिल्याचं उत्तर मीच देतो. नाल्यात बुडणारा घेऊ नका, एका पावसात गाळाखाली जातो आणि मग गाळाचं वजन मोजत बसतो. वरून बघणारा घ्या, शक्यतो रडारवाला. आवाजाच्या लहरींवाला स्वस्त पडतो, पण त्याला फेस, तरंगता थर्माकोल आणि कोळ्याची जाळी सगळं पाणीच वाटतं. पुलाच्या किंवा कठड्याच्या लोखंडाला बसवा, आणि डबीची जागा पुराच्या खुणेहून निदान मीटरभर वर. खाली भिंतीवर रंगवलेली पट्टी हवीच. सेन्सर खरं बोलतोय का हे बघायला पट्टीसारखं काही नाही.

तुमच्या यादीत सगळ्यात मोठा प्रश्न राहिलाय. शून्य कुठे धरलंय?

---

नालाकाठ

शून्य म्हणजे? नाल्याचा तळ ना?

---

जलगणित

काकांनी बरोबर नस पकडलीय. मुंबईत तीन शून्यं आहेत.

भरतीच्या कोष्टकात '४.५ मीटर' लिहितात ते चार्ट डेटमपासून, म्हणजे जहाजांच्या नकाशातल्या शून्यापासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. तेव्हा साडेचार मीटरची भरती म्हणजे सरासरी पातळीहून फक्त दोनेक मीटर वर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशातली उंची सरासरी पातळीपासून. आणि पालिकेचे जुने नकाशे टाउन हॉल डेटममध्ये, ज्याचं शून्य पार जमिनीखाली कल्पलेलं आहे. बांधकाम परवान्यात सखल जमिनीच्या भरावासाठी '९२ टीएचडी' लिहितात ते त्यातलं, आणि तेही फुटात, म्हणजे सुमारे २८ मीटर. नवख्या माणसाने हे तीन आकडे एका आलेखात टाकले की समुद्र दादरच्या पुलावरून वाहतो.

तुम्हाला एवढं पुरे: सेन्सरचं शून्य तुमच्या गेटच्या उंबऱ्याशी बांधून घ्या. उंबऱ्याखाली ८० सेंटीमीटर, ४०, २०. उंबरा सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हेअरला एक दिवस बोलावून उंबरा, नाल्याचा काठ आणि सेन्सर यांच्या उंच्या एकमेकांशी जोडून घ्या, आणि तो कागद सोसायटीच्या फाइलीत ठेवा.

---

तिरकस

हे मात्र आवडलं. 'उंबऱ्याखाली वीस' असा मेसेज आला तर मीसुद्धा गाडी हलवीन.

---

पंपहाउसवाला

मग कामं लिहून टाका. उंबऱ्याखाली ८० ला गाड्या वर, मीटर रूमच्या दाराला वाळूच्या पिशव्या. ४० ला तळमजल्याचा मेन स्विच बंद आणि खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरू नये म्हणून तिचं झाकण घट्ट. २० ला तळमजल्यावरचे म्हातारे आणि लहान मुलं पहिल्या मजल्यावर. कोणाकडे कोण जाणार तेही आधीच ठरवा.

आणि नुसत्या पातळीवर इशारा ठेवू नका, चढणीच्या वेगावरही ठेवा. दहा मिनिटांत ३० सेंटीमीटर चढलं तर पातळी कितीही खाली असो, घंटा वाजली पाहिजे. भरतीचं पाणी सावकाश चढतं, पावसाचं झपाट्याने. दोन्ही ओळखता यायला हवीत.

मेसेजच्या यादीत रात्रपाळीच्या वॉचमनचा नंबर पहिला घाला, चेअरमन आणि सेक्रेटरीचे नंतर.

---

नालाकाठ

वॉचमनचा नंबर यादीत नव्हताच. घातला. कोटेशन सुधारून मागवतोय, आलं की इथे टाकतो, 'डिजिटल ट्विन' वगळून.